रेस सोडली की बंद पडणारी कॉम्बी

गुहागरहून एका वाचकांनी पाठवलेल्या पत्राचा सारांश असा आहे:

“माझ्याकडे १९७३ सालची फोक्सवॅगन कॉम्बी आहे. मागे १६०० सीसीचे, हवेने थंड होणारे इंजिन आणि सोलेक्स ३४ पिक्ट-३ जातीचा एकच कार्बोरेटर. आत दोन माणसांच्या झोपण्याची सोय, शेगडी आणि लहानसे कपाट आम्ही करून घेतले आहे. गाडी सेल्फला लगेच सुरू होते, पण रेसवरचा पाय काढला की आठ-दहा सेकंदांत बंद पडते. पाय ठेवला तर चालत राहते. तशीच ती चिपळूणपर्यंत नेऊन आणली. इंजिन गरम झाल्यावरही हेच होते, आणि धोपाव्याच्या धक्क्यावर फेरीबोटीच्या रांगेत ती चार वेळा बंद पडली. हा प्रकार यंदा गणपतीनंतर सुरू झाला. शिवाय भर पावसात वीसेक मिनिटे चालवल्यावर तिची ताकद हळूहळू जाते आणि ती रस्त्यातच थांबते. दहा-पंधरा मिनिटांनी काहीही न करता पुन्हा सुरू होते. असे मागच्या पावसाळ्यातही दोन-तीनदा झाले होते. काळा धूर नाही, कच्च्या पेट्रोलचा वास नाही. आतापर्यंत बॅटरी, प्लग, पॉइंट, कंडेन्सर, पेट्रोल पंप आणि फिल्टर बदलले. कार्बोरेटर दोनदा साफ केला. बंद पडताना ठिणगी येत असल्याचे मिस्त्रींनी पाहिले आहे. दोन वर्षांपूर्वी खाऱ्या वाऱ्याने सायलेन्सर सडला, तेव्हा वेल्डरकडून नवा घडवून घेतला. आता मिस्त्री कार्बोरेटरच बदला म्हणतात, परदेशातून मागवलेला नवा किंवा इथल्या एखाद्या गाडीचा. फेब्रुवारी-मार्चमध्ये वेळासला कासवांची पिल्ले पाहायला जायचे आहे. काय करावे?”

सस्नेह नमस्कार.

आपण पत्र इतके तपशीलवार लिहिले आहे की, गाडी समोर नसतानाही बरेच काही सांगता येते. त्यातले सर्वांत मोलाचे वाक्य आपण जाता जाता लिहून गेला आहात: पावसात थांबण्याचा प्रकार मागच्या वर्षीपासून आहे आणि रेस सोडल्यावर बंद पडणे यंदा गणपतीनंतर सुरू झाले. माझ्या मते आपल्या गाडीला एक नव्हे, दोन वेगवेगळे आजार आहेत. दोन्हींचे बाह्य लक्षण ‘सुरू होते आणि बंद पडते’ असे सारखेच असल्यामुळे सगळ्यांनी एकच कारण शोधले, आणि म्हणून कोणताच उपाय पुरा लागू पडला नाही. पहिला आजार कार्बोरेटरच्या आयडलिंगच्या, म्हणजे रेस न देता इंजिन संथ चालते तेव्हाच्या, पेट्रोलच्या वाटेत आहे आणि दुसरा, मला दाट शंका आहे, त्या नव्या सायलेन्सरपाशी आहे. दोन्हींपैकी एकासाठीही नवा कार्बोरेटर लागत नाही.

पहिल्या आजाराचा विचार करताना, पाय ठेवला की गाडी चालत राहते ही गोष्ट धरून चालावे, कारण तेवढ्या एका गोष्टीने निम्म्याहून अधिक शंका दूर होतात. चावीच्या आतला संपर्क किंवा कॉइलकडे जाणारी वायर सैल असती, तर रेस दिल्याने इंजिन वाचले नसते. ठिणगी तुटली की पाय कुठेही असला तरी इंजिन मरते. पेट्रोल वर चढत नसते, तर गाडी चिपळूणपर्यंत गेलीच नसती, कारण रस्त्यावर चालताना इंजिन आयडलिंगच्या कितीतरी पट पेट्रोल पिते. येथे एक साधा हिशेब उपयोगी पडतो. आयडलिंगला असे इंजिन ताशी एक लिटरच्या आसपास पेट्रोल घेते, म्हणजे पाच मिलिलिटरचा एक चमचा त्याला अठरा-वीस सेकंद पुरतो. कार्बोरेटरच्या फ्लोटच्या वाटीत असे बरेच चमचे पेट्रोल मावते. म्हणून पेट्रोल पंप किंवा फिल्टरचा दोष असता, तर गाडी सुरू झाल्यावर मिनिट-दोन मिनिटे बरी चालून, वाटी रिकामी झाल्यावर थांबली असती. आठ-दहा सेकंदांत थांबणे हे वाटी रिकामी होण्याचे लक्षण नव्हे. पंपावर झालेला आपला खर्च टळू शकला असता, हे लिहिताना मला वाईट वाटते. पण निदान तो भाग आता नवा आहे आणि त्याबद्दल काळजी नको.

चोकचाही फारसा संबंध दिसत नाही. चोक हा थंड इंजिनाच्या पहिल्या काही मिनिटांचा सोबती असतो आणि आपली गाडी गरम झाल्यावरही रेस सोडताच बंद पडते. तरी एक सवय लावून घ्यावी. या कार्बोरेटरचा चोक आपोआप चालणारा असला, तरी तो आपोआप बसत नाही. सकाळी चावी फिरवण्यापूर्वी रेस एकदा पूर्ण दाबून सोडावी लागते. तेव्हा चोकची झडप सुटी होऊन मिटते आणि बाजूचा स्क्रू पायऱ्यापायऱ्यांच्या चकतीवर वरच्या पायरीवर चढतो. तो चढला नाही, तर निरोगी गाडीसुद्धा पहाटेच्या गारव्यात दोन-तीनदा बंद पडते.

आता उरते ती आयडलिंगची वाट. पाय काढला की कार्बोरेटरची मुख्य झडप जवळजवळ मिटते आणि मोठ्या जेटमधून, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या छिद्राच्या तुकड्यातून, पेट्रोल येणे थांबते. तेव्हापासून इंजिनाचा सगळा जीव एका बारीक जेटवर आणि त्याच्या अरुंद वाहिन्यांवर अवलंबून असतो. त्या जेटवर ५५ किंवा ६० असा आकडा असतो, म्हणजे छिद्र जेमतेम अर्ध्या मिलिमीटरहून थोडे मोठे. गंजाचा एक कण तिथे पुरेसा होतो. याच वाटेवर विजेवर चालणारी एक छोटी झडप बसवलेली असते, जिला गॅरेजमध्ये सोलेनॉइड म्हणतात. चावी बंद केल्यावर इंजिन धडधडत राहू नये म्हणून ती वाट बंद करते आणि चावी दिल्यावर उघडते. तिला वीज मिळाली नाही, तर आपल्या पत्रातले लक्षण जसेच्या तसे दिसते: सेल्फ मारताना रेस दिलेली असते म्हणून गाडी सुरू होते, आणि पाय उचलला की मरते.

तपासणी दोन मिनिटांची आहे आणि ती आपण स्वतः करू शकता. इंजिन बंद ठेवून चावी चालू स्थितीत आणावी, कार्बोरेटरच्या बाजूला बसवलेल्या त्या गोल डबीची वायर काढावी आणि परत टेकवावी. प्रत्येक वेळी स्पष्ट ‘टक’ असा आवाज आला पाहिजे. चावी त्या स्थितीत फार वेळ ठेवू नये, कारण पॉइंट मिटलेले असतील तर कॉइल उगाच तापते. आवाज आला नाही, तर वायरच्या टोकाला टेस्ट लॅम्प लावून वीज येते का ते पाहावे. ही वायर कॉइलच्या धन टोकावरून, म्हणजे १५ क्रमांकाच्या टोकावरून येते, आणि चोकला गरम करणारी वायरही तिथूनच निघते. आपले घर समुद्राला लागून आहे. अशा ठिकाणी पितळी टोकांवर भांड्याला चढतो तसा हिरवा कळंक चढतो, टोक बाहेरून घट्ट दिसते आणि आतून वीज जात नाही. मी चिपळूणला गॅरेज चालवत होतो त्या वर्षांत समुद्रकाठच्या गाड्यांचे अर्धे काम बारीक कानशीने, पॉलिश पेपरने आणि थोड्या ग्रीसने व्हायचे. दापोलीच्या एका डॉक्टरांच्या जुन्या पेट्रोल गाडीचा कार्बोरेटर मी तीन दिवसांत दोनदा पूर्ण उघडला होता आणि शेवटी दोष याच प्रकारच्या एका वायरच्या टोकात निघाला. तेव्हापासून कार्बोरेटरला पान्हा लावण्यापूर्वी वायर पाहायची, हा नियम मी मोडलेला नाही.

वीज येत असून ‘टक’ होत नसेल, तर सोलेनॉइड बदलावा. तो स्वतंत्र मिळतो. ‘टक’ होत असेल, तर आयडलिंगचा जेट काढून उजेडाकडे धरून पाहावा आणि हवेच्या दाबाने फुंकावा. त्यात तार घालू नये. जेटचे छिद्र तारेने थोडे जरी मोठे झाले, तरी ते परत लहान करता येत नाही. जेट काढल्यावर त्याच्या मागच्या वाहिनीतही हवा मारावी. कार्बोरेटर दोनदा साफ केला असे आपण लिहिता, पण वरचे झाकण काढून वाटी पुसणे यालाही साफ करणे म्हणतात, आणि त्यात या वाहिनीला कोणी हातही लावत नाही.

साफसफाईनंतर स्क्रू कसे बसवले, हेही मला महत्त्वाचे वाटते. बहुतेक गाड्यांत झडपेच्या दांडीवरचा स्क्रू फिरवून आयडलिंग वाढवतात, म्हणून आपले मिस्त्री येथेही तेच करतात. पण या सोलेक्सची रचना वेगळी आहे. दांडीवरचा तो स्क्रू आयडलिंगसाठी नाहीच. तो चोकच्या चकतीसाठी आहे. तो आत घातला की झडप उघडी राहते, आयडलिंगच्या वाहिन्यांवरची ओढ बिघडते आणि इंजिन कधी जोरात चालते, कधी मरते. तो स्क्रू आधी सैल करावा, चोक पूर्ण उघडलेला असताना चकतीच्या सर्वांत खालच्या पायरीला जेमतेम टेकेल इतका आणावा आणि तिथून फक्त पाव फेरा आत घ्यावा. कार्बोरेटरच्या अंगावर एकमेकांजवळ दोन स्क्रू आहेत, एक मोठा आणि एक लहान. लहान स्क्रू हलक्या हाताने तळापर्यंत नेऊन अडीच फेरे बाहेर काढावा. मग गरम इंजिनावर मोठ्या स्क्रूने वेग मिनिटाला सुमारे ८५० फेऱ्यांवर आणावा, लहान स्क्रू फिरवत इंजिन सर्वांत जलद कुठे चालते ते शोधावे, तिथून वेग किंचित, म्हणजे पंचवीस-तीस फेऱ्यांनी, कमी होईपर्यंत तो आत घ्यावा आणि मोठ्या स्क्रूने पुन्हा ८५० करावे. हे कागदावर लिहून मिस्त्रींना द्यावे. त्यांचा अनुभव कमी आहे असे मला अजिबात म्हणायचे नाही; ही गाडीच आपल्याकडे विरळ आहे.

एवढे करूनही आयडलिंग टिकले नाही, तर इंजिन कुठून तरी फुकटची हवा ओढते आहे का ते पाहावे लागेल. १६०० सीसीच्या या इंजिनात मधली मॅनिफोल्ड नळी, म्हणजे कार्बोरेटरमधले मिश्रण इंजिनाकडे नेणारी नळी, दोन्ही टोकांना रबरी मोज्यांनी जोडलेली असते. ते रबर उष्णतेने आणि वयाने चिरते, आणि चीर बहुधा खालच्या बाजूला असल्यामुळे दिसत नाही. कार्बोरेटरखालचे गॅस्केट, ब्रेक सर्व्होकडे जाणारी नळी आणि झडपेच्या दांडीची झिजलेली भोके हीही हवेची नेहमीची ठिकाणे आहेत. पाय थोडा ठेवून इंजिन चालू ठेवावे आणि फुलझाडांवर मारायच्या पंपाने या जोडांवर पाण्याचा बारीक फवारा द्यावा; हवा जिथून शिरत असेल तिथे फवारा पडताच इंजिनाचा आवाज बदलतो. गॅरेजमध्ये हीच परीक्षा पेट्रोल शिंपडून करणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यातून लागलेली आगही पाहिली आहे. कृपा करून कोणालाही तसे करू देऊ नये. झडपेची दांडी हाताने हलवून खडखडत असेल, तर कार्बोरेटर फेकू नये. लेथवर भोक मोठे करून पितळी बुश बसवणारे कारागीर अजून आहेत. जाता जाता थंड इंजिनावर व्हॉल्व्हचे अंतर ०.१५ मिलिमीटर आणि पॉइंटचे ०.४ मिलिमीटर आहे का, हेही फिलर गेजने पाहून घ्यावे, कारण व्हॉल्व्ह आवळलेले असले तर कोणतेच आयडलिंग स्थिर होत नाही.

आता दुसरा आजार, ज्याची मला अधिक चिंता वाटते, कारण तो आपल्याला वळणावळणाच्या रस्त्यावर भर पावसात थांबवतो. आपण लिहिले आहे की ताकद हळूहळू जाते, गाडी थांबते आणि दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप बरी होते, आणि हे पावसातच होते. उन्हाळ्यात घाट चढताना पेट्रोलची नळीतच वाफ होऊन गाड्या थांबतात हे सर्वांना माहीत आहे, पण तो उष्णतेचा आजार आहे. गार पावसात तो उलटा कमी व्हायला हवा. दुसरी शक्यता म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत किंवा प्लगच्या वायरींत ओल जाणे. पण ओलीमुळे इंजिन झटके देते, मिसिंग करते, आणि बहुधा डबक्यातून गेल्यावर एकदम थांबते. तरी ही शंका फेडून घ्यावी: काळोख पडल्यावर इंजिन चालू ठेवून वायरींवर थोडे पाणी शिंपडावे आणि निळसर ठिणग्या उडतात का ते दुरून पाहावे. उडत नसतील, तर माझे निदान असे आहे की आपल्या कार्बोरेटरच्या घशात बर्फ साठतो.

कोकणात, श्रावणात, गाडीत बर्फ, हे वाचून आपल्याला आश्चर्य वाटेल. पण माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने हे घडते. पेट्रोलची वाफ होताना ते भोवतालच्या हवेतली आणि धातूतली उष्णता ओढून घेते, आणि अरुंद घशातून हवा वेगाने जाताना तीही थंड होते. दोन्ही मिळून तिथले तापमान बाहेरच्यापेक्षा २० अंशांनी, काही वेळा त्याहूनही अधिक, खाली जाऊ शकते. पावसाळ्यात आपली हवा २५-२७ अंशांवर आणि बाष्पाने जवळजवळ भरलेली असते. तिच्या एका घनमीटरात २० ग्रॅमहून अधिक पाणी असते. ते पाणी झडपेच्या कडेला आधी दव आणि मग बर्फ होऊन बसते, हवेची वाट आक्रसत जाते आणि इंजिन गुदमरते. थांबल्यावर इंजिनाची धग वर चढते, बर्फ वितळतो आणि गाडी काही झालेच नाही अशी सुरू होते. तपासायला कोणी येईपर्यंत पुरावा पाण्याच्या दोन थेंबांपलीकडे उरत नाही. छोट्या पिस्टन इंजिनांच्या विमानांत कार्बोरेटरला गरम हवा देण्यासाठी वेगळी कळ असते, ती याच धोक्यासाठी.

फोक्सवॅगनच्या अभियंत्यांना हे ठाऊक होते. म्हणून मॅनिफोल्डच्या मधल्या नळीला चिकटून खालून एक बारीक नळी नेलेली असते, जिची दोन्ही टोके दोन बाजूंनी खाली येऊन सायलेन्सरच्या भागाला जोडली जातात. गरम धूर एका बाजूने आत शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो आणि मॅनिफोल्ड उबदार राहतो. ही नळी दोन कारणांनी निकामी होते: आत काजळी साठून ती बुजते, किंवा नव्या सायलेन्सरला तिच्यासाठी वाटच ठेवलेली नसते. बाजारात मिळणाऱ्या कित्येक सायलेन्सरांतही ती नसते. आपला सायलेन्सर दोन वर्षांपूर्वी घडवला आणि मागच्या पावसाळ्यापासून हा त्रास सुरू झाला, म्हणून माझा संशय तिकडे जातो. वेल्डरने जुन्या सांगाड्याचे माप अचूक घेतले असेल, पण सडलेल्या नमुन्यावर ती दोन छोटी भोके दिसलीच नसतील, आणि त्याने तिथे आंधळी पट्टी जोडली असेल. त्यात त्याचा दोष मानू नये.

पावसाची वाट न पाहता हे आजच तपासता येते. थंड इंजिन सुरू करून, पायाने वेग थोडा वाढता ठेवून, पाच-सात मिनिटे चालवावे आणि मग त्या बारीक नळीवर दोन्ही टोकांजवळ आणि मधोमध पाण्याचे थेंब टाकावेत. थेंब तिन्ही ठिकाणी चुरचुरून उडाले तर नळी मोकळी आहे आणि माझे निदान चुकले. टोकाला चुरचुरले आणि मध्ये तसेच राहिले, तर आत काजळी आहे. मॅनिफोल्ड उतरवून, जुन्या क्लचच्या तारेचा तुकडा ड्रिलला लावून ती सावकाश कोरून काढावी लागते, आणि हे चिकाटीचे काम आहे. कुठेच चुरचुरले नाहीत, तर सायलेन्सर उतरवून त्या दोन टोकांपाशी भोके आहेत का ते पाहावे आणि नसल्यास करून घ्यावीत. बसवताना दोन्हीकडे नवी गॅस्केट घालावीत. मूळ रचनेत एका बाजूच्या गॅस्केटचे छिद्र दुसऱ्यापेक्षा लहान असते, त्यामुळे जुनी गॅस्केट फेकण्यापूर्वी कोणते कुठले होते याची खूण करून ठेवावी. एअर क्लीनरला इंजिनाकडून गरम हवा आणणारी नळी निघाली असेल, तर तीही परत लावावी.

पेट्रोलबद्दल आपण विचारलेले नाही, पण या दोन्ही आजारांना ते हातभार लावते. आपल्याकडे २०२३ पासून टप्प्याटप्प्याने २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पंपांवर आले आहे. शुद्ध पेट्रोलला जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. त्यामुळे १९७३ च्या मापाच्या जेटमधून हे मिश्रण आले की इंजिनाला इंधन सात-आठ टक्के कमी पडते, आणि ते सर्वांत आधी आयडलिंगला जाणवते. वाफ होताना इथेनॉल पेट्रोलपेक्षा जास्त उष्णता ओढते, म्हणजे बर्फालाही अनुकूलता. पण यात घाबरण्यासारखे काही नाही. ब्राझीलमध्ये हीच गाडी २०१३ पर्यंत तयार होत होती, तिचे हवेने थंड होणारे इंजिन २००५ पर्यंत चालू होते, आणि तिथल्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण दीर्घकाळ २० टक्क्यांहून अधिक राहिले आहे. वर सांगितलेली सगळी कामे झाल्यावरही आयडलिंग कोरडे वाटले, तर आयडलिंगचा जेट एक पायरी मोठा घालावा. आधी मात्र नको. इथेनॉल ओल शोषते, म्हणून गाडी महिनोन्‌महिने पडवीत उभी राहणार असेल तर टाकीतले थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून रात्रभर ठेवावे. तळाशी वेगळा थर किंवा लालसर गाळ दिसला, तर टाकी उतरवून धुतल्याशिवाय कार्बोरेटरची सफाई टिकणार नाही.

जुन्या रबरी नळ्या या इंधनाने फुगतात आणि चिरतात, आणि येथे मला थोडे कडक शब्दांत सांगावेसे वाटते. या गाडीत पेट्रोलच्या नळ्या तापलेल्या इंजिनावरून जातात, आणि इंजिनाचा मूळ सांगाडा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा असतो. तो एकदा पेटला की पाण्याने विझत नाही, उलट अधिक भडकतो. पुढच्या कोणत्याही कामाआधी सर्व नळ्या इथेनॉल सहन करणाऱ्या जातीच्या नव्या घालाव्यात, प्रत्येक टोकाला क्लिप असावी, आणि पेट्रोल फिल्टर इंजिनाच्या डब्यातून काढून टाकीच्या बाजूला न्यावा. कार्बोरेटरच्या वरच्या भागात पेट्रोल आत जाते ती पितळी नळी केवळ दाबून बसवलेली असते. ती बोटांनी फिरत असेल, तर तशी गाडी सुरूही करू नये. आपण आत शेगडी ठेवली आहे, म्हणून इंजिनावर काम करताना गॅसची टाकी गाडीतून खाली उतरवून ठेवावी. पावडरचे अग्निशामक नळकांडे चालकाच्या हाताशी असावे. त्याचा उपयोग आग पेट्रोलपुरती आहे तेवढ्याच वेळात होतो.

कार्बोरेटर बदलण्याबद्दल माझे मत आता आपल्या लक्षात आलेच असेल. इथल्या दुसऱ्या गाडीचा कार्बोरेटर बसवायचा म्हणजे मधली पट्टी घडवणे, रेसची तार बदलणे, चोकची व्यवस्था तोडणे आणि दुसऱ्याच इंजिनाच्या मापाचे जेट घेऊन बसणे आले. परदेशातून नव्याने येणाऱ्या नकलांची घडण एकसारखी नसते. आपल्याकडचा सोलेक्स पन्नास वर्षे चालला आहे. त्याचे शरीर शाबूत असेल तर गॅस्केट, सुईचा व्हॉल्व्ह आणि पडदे यांचा संच घालून तो आणखी पुष्कळ वर्षे चालेल. नवा कार्बोरेटर घातला असता, तरी सोलेनॉइडला वीज देणारे टोक कळंकलेलेच राहिले असते आणि सायलेन्सरची पट्टी आंधळीच.

अशाच तक्रारीची इतर जुन्या पेट्रोल गाड्यांची पत्रेही माझ्याकडे येतात, म्हणून त्या वाचकांसाठी दोन गोष्टी. सेल्फ मारत असेपर्यंत इंजिन पेटते आणि चावी सोडताच त्याच क्षणी मरते, असे असेल तर कार्बोरेटरला हात न लावता चावीचा संपर्क आणि कॉइलची वायर पाहावी. आणि गाडी पाच-दहा मिनिटे चालून थांबत असेल व टाकीचे झाकण उघडताच हवा आत ओढल्याचा आवाज येत असेल, तर टाकीची हवेची नळी बुजली आहे. आपल्या भागात कुंभारीण माशी तिथे मातीचे घर बांधते.

आता आपल्या प्रवासाबद्दल. या आठवड्यात सोलेनॉइडची वायर आणि जेट पाहावेत, स्क्रू वर सांगितल्याप्रमाणे बसवावेत आणि नळ्या बदलाव्यात. त्यानंतर फेरीबोटीच्या रांगेत गाडी टिकायला हवी. पहिल्या खेपेला धोपाव्याहून पलीकडे दाभोळला जाऊन लगेच परत यावे, आणि बोटीच्या कर्मचाऱ्यांना सांगून गाडी शक्यतो शेवटी चढवावी, म्हणजे बंद पडली तरी मागे कोणी अडकणार नाही. ती खेप नीट झाली, तर वेळासला निघायला हरकत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाऊस नसतो आणि हवाही पावसाळ्याइतकी ओली नसते, त्यामुळे सायलेन्सरचे काम तोवर झाले नाही तरी बर्फाने गाडी थांबण्याची भीती फारच कमी. ते काम मे महिन्याच्या अखेरीपर्यंत मात्र उरकावे. आणि थेंबांच्या परीक्षेत नळी कुठे गरम झाली व कुठे नाही, ते मला अवश्य कळवावे, कारण वेल्डरला नेमके काय सांगायचे ते त्यावरून ठरेल.